मालसुनअक्काने केस वाढवले

मालसुनच्या डोक्यावर बोटभर केस दिसले, त्या दिवशी मी तिच्या दुकानात शिरून ओरडलेच. "अक्का, डोकं फिरलंय का तुझं? घे ते मशीन आणि उतरव आधी!"

ओरडू नको तर काय करू? आमच्या कुर्योंगफो बंदरावर बायकांचे केस कापून, कुरळे करून पोट भरणारी ही बाई, आणि हिचं स्वतःचं डोकं वर्षानुवर्षं भादरलेलं. नवखे लोक विचारायचे, मठातली भिक्षुणी आहे का? भिक्षुणी कसली! तिच्या तोंडच्या शिव्या ऐकून खलाशी वाट बदलायचे. केस नव्हते ते नवऱ्यामुळे. छिलसंग त्याचं नाव, माकुलं पकडायच्या बोटीवर असायचा. बोट धक्क्याला लागली की हा मेला सोजू ढोसायचा आणि घरी येऊन हिचे केस मुठीला गुंडाळायचा. एकदा तसंच धरून त्याने तिला जिन्यावरून खाली ओढलं. पायरीपायरीवर डोकं आपटत होतं, ते मला शेजारी माझ्या मासळीच्या फळीवर ऐकू येत होतं. गल्लीतले म्हातारे म्हणाले, "नवरा-बायकोचं भांडण म्हणजे सुरीने पाणी कापणं, लगेच सांधतं. पिलनाम, तू मध्ये पडू नकोस." मी पडले. माझा पुढचा दात तेव्हाच गेला. म्हणे पाणी!

जिन्यावरून उठून मालसुनने काय केलं, तर त्याच्यासमोर उभं राहून मशीनने सगळं डोकं साफ केलं. "आता धर," म्हणाली. मारायचा तो नंतरही मारायचाच, पण मुठीत काही येईना. ही निसटायची, आणि निसटता निसटता कात्री, भांडं, हाताला लागेल ते त्याच्यावर फेकायची. त्याच्या भुवईवरचा व्रण तिचाच. पुढे तो लांबच्या समुद्रात जाणाऱ्या बोटीवर लागला. वर्षा-दोन वर्षांनी उगवायचा, दोन-चार हाडं दुखवून जायचा.

आणि आता ही बया केस वाढवत होती.

"औषध तपासायचंय," ती म्हणाली.

औषध म्हणजे केस कुरळे करायचं. एक विक्रेती पोरगी नव्या बाटल्या ठेवून गेली होती. बाटलीवर उडी मारणारा ससा. कुठल्याही जनावराला न छळता बनवलंय, म्हणे. दुसऱ्या कुणी चित्र बघितलं असतं आणि बाटली फळीवर ठेवली असती. पण मालसुन लग्नाआधी शहरात शाम्पूच्या कारखान्यात होती, सशांच्या खोलीत. सशाची मान लाकडी खोड्यात अडकवायची, पापणी दोन बोटांनी ताणायची आणि डोळ्यात थेंब सोडायचा. डोळा आधी लाल व्हायचा, मग पांढरा, मग पू. ससा फारसा ओरडत नाही, नुसता पाय झाडतो. झाडून झाडून काहींचा कणा मोडायचा. उरलेल्यांच्या माना नंतर मोडायच्या, त्याही हिच्याच हातांनी. हे तिने मला एकदा किमचीसाठी कोबी चिरताना सांगितलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही.

"सशावर तपासलं नाही ना," ती बाटली हलवत म्हणाली, "मग कुणावर तपासलं? कुणीतरी लागतंच की! गिऱ्हाइकांवर? आपल्या ओकबुनच्या डोक्यावर? ते नाही चालायचं. माझ्यावर बघणार."

"तुझ्यावर काय बघणार, टक्कल?"

"म्हणूनच वाढवतेय ना, शहाणे!"

आमच्याकडे घड्याळ कुणी बघत नाही. डोक्यात रोलर, वर औषध, वर प्लास्टिक, त्यावर फडकं, की बायका परत आपापल्या फळीवर मासे कापायला बसतात. मालसुन मध्येच येऊन एकेकीचं डोकं हुंगते. औषधाचा वास आधी नाकात झोंबतो, मग उतरतो. उतरला की झालं, चला धुवायला. हे नवं औषध झोंबेचना. ही आपली बसली, झोंबेल, झोंबेल. शेवटी रोलर काढले तर केस रोलरबरोबरच हातात आले, आणि मानेवर हे एवढाले फोड. ओकबुन, ती सुक्या मासळीवाली, पोट धरधरून हसली. "अक्का, सशाने सूड घेतला गं!" मालसुनने तिच्या पाठीत कंगवा घातला आणि पुन्हा पहिल्यापासून केस वाढवायला घेतले. दुसऱ्या वेळी केसांचा पाचोळा झाला. तिसऱ्या वेळी ती नाक विसरली आणि बोटाने एकेक केस ताणून बघायला शिकली. मग कुठे छान, घट्ट कुरळं बसलं. आता ते किती टिकतंय तेवढंच बघायचं राहिलं होतं.

आणि नेमकी बातमी आली, छिलसंगची बोट बुसानला लागली.

मी धावत गेले. "आजच्या आज काप."

"थोडं थांब. आत्ता कापलं तर एवढं सोसलं ते पाण्यात."

"आणि त्याने धरलं तर? जीव जाईल, अक्का!"

"गेला तर तू सांग सगळ्यांना, औषध चांगलं होतं म्हणून."

मला इतका संताप आला की हातातला बांगडा मी तिच्या तोंडावर फेकला. तिने तो उचलला, धुतला आणि भाजायला ठेवला. अशा बाईला काय सांगायचं?

तो आला तेव्हा भर दुपार होती. ओकबुन आणि आणखी तिघी डोक्यात रोलर घालून उकडलेली रताळी खात होत्या. नवं औषध तिने अजून कुणाला लावलं नव्हतं, चौघींच्या डोक्यावर जुनंच होतं, झोंबणारं. तीच बाटली मालसुनच्या हातात होती. छिलसंग दारात उभा राहिला, तिच्या डोक्याकडे बघितलं आणि हसला.

"वा! माझ्यासाठी वाढवलेस होय?"

दोन ढांगांत आत येऊन त्याने केस मुठीत धरले, एक पीळ दिला आणि तिचं तोंड आरशावर आपटलं. आरसा फुटला. परत आपटलं. कपाळ फाटून रक्त डोळ्यांत उतरलं. केस काही तुटेनात, आणि तिला निसटता येईना. तो तिला दाराकडे फरफटू लागला. बाटली तिच्या हातात तशीच होती. मी माझ्या फळीवरून धावत आले तेव्हा मला दिसलं, बाटलीची नळी त्याच्या डोळ्यापासून वीतभरावर होती. "दाब!" मी किंचाळले. "अक्का, दाब!"

तिने बाटली सोडून दिली. एप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि मुळाशी, कातडीसकट, आपलेच केस कापले.

तो मागे गेला तो काचेच्या दारातून थेट गल्लीत. मग काय विचारता! रोलरवाल्या चौघी त्याच्यावर तुटून पडल्या. ओकबुन छातीवर बसून त्याच्या तोंडावर स्टुल हाणत होती. मी बर्फ फोडायचा दांडका आणला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं हाताला कळलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आणखी एक घातला. म्हातारे बाहेर आले होते, पण सुरी आणि पाण्याचं एकानेही नाव काढलं नाही.

पोलीस आले. छिलसंगला गाडीत घालून नेलं. मागे राहिलेला एक पोलीस म्हणाला, "काकू, आधी जबानी द्या."

"आधी पाणी!" मालसुन ओरडली. "चौघींच्या डोक्यात औषध आहे, जळतील ना केस!" आणि कपाळातून रक्त गळत असताना तिने चौघींची डोकी एकापाठोपाठ एक धुतली. बेसिनमधलं पाणी लाल होत होतं. ओकबुन खाली मान घालून रडत होती, आणि मालसुन तिला दम देत होती, "हलू नकोस, कानात जाईल."

सगळ्या गेल्यावर मी तिच्या डोक्याला पट्टी बांधायला बसले. मी म्हटलं, "नळी त्याच्या डोळ्यावर होती तुझी. का नाही दाबलीस? त्या मुडद्याची दया आली तुला?"

"दया?" ती गल्लीत थुंकली. "त्याचे दोन्ही डोळे कावळ्यांनी खाल्ले तरी मी रताळं खात बघत बसेन."

"मग?"

तिने तळहात वर करून दाखवले. औषधाने वर्षानुवर्षं भाजलेले, नखांत रक्त.

"परत ह्याच हातांनी, पिलनाम?" ती म्हणाली. "आधी लाल, मग पांढरा?"

मी तिच्या डोक्याला पट्टी गुंडाळत राहिले आणि ढसाढसा रडले.