शेवटच्या कडव्यातलं नाव

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. कुणी विचारलं नाही, ही सोय होतीच.

लातूरला आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळची वंदना झाली की बायका मिळून एक गाणं म्हणतात. 'सांज झाली, हात जोडा, दिस दमून बसला' असं ते सुरू होतं. आता रेणापूरकडच्या विहारांतही ते म्हणतात. त्याच्या शेवटच्या कडव्यात 'बाबू म्हणे' असं येतं. तो बाबू म्हणजे मी. गाणं मात्र माझं नाही. ते माझ्या वहिनीचं, सरूबाईचं आहे. गावात मागे राहिलेल्या काहींना हे माहीत आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना माहीत नाही. दोघांसाठीही लिहितो आहे.

गाव सोडलं ते बहात्तरच्या दुष्काळात. दादा आणि वहिनी मला नांदेडच्या गाडीत बसवायला अहमदपूरच्या स्टँडवर आले होते. त्यासाठी त्यांनी खडी फोडायच्या कामावर खाडा केला होता. अंघोळीपुरतं पाणी नव्हतं, त्यामुळे आदल्या दिवसाची पांढरी धूळ वहिनीच्या भुवयांत तशीच होती. आई मी लहान असतानाच गेली, मला वाढवलं ते वहिनीनंच. दादा म्हणाला, "शिकून घे. माघारी बघू नको." वहिनी म्हणाली, "सांजच्याला येकला बसू नको. चार जणांत जाऊन म्हणत जा." गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

गाणं त्या खडीच्या कामावरच जुळलं होतं. संध्याकाळी हातोडे खाली ठेवले की आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया कोरड्या नाल्यात बसायच्या. वहिनी एक ओळ सोडायची, बाकीच्या ती उचलायच्या. गावातल्या शेतकरी घरच्या बायाही त्या वर्षी कामावर होत्या. त्या पलीकडे वेगळ्या बसायच्या. पुढे पुढे धृपद आलं की त्याही म्हणू लागल्या. बसल्या मात्र पलीकडेच.

आमच्यात गाणं जुळवणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायची रीत आहे. वहिनीला लिहिता येत नव्हतं. बाया म्हणाल्या, "सरू, नाव घाल की गं." तिनं दोन दिवस आढेवेढे घेतले आणि 'सरू म्हणे' घातलं.

दादा म्हणाला, "झालं. आता शाहीर बाई भाकरी थापते का न्हाई, कुणाला ठाव."

"थापते की," वहिनी म्हणाली. "भाकरीवर नाव घातलं का कधी? मुकाट खाता न्हवं?"

नांदेडला वसतिगृहात आम्ही पोरं संध्याकाळी वंदनेला एकत्र बसायचो. नंतर ज्याला येईल त्यानं एखादं गाणं म्हणायचं, बाकीच्यांनी कोरस धरायचा. मी वहिनीचं गाणं म्हटलं. पोरांनी धृपद लगेच उचललं. तीस-एक गळे एका सुरात लागले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की इथं राहता येईल. मग शेवटचं कडवं आलं.

"ही सरू कोण रे, बाबू?" एकानं विचारलं.

दुसरा म्हणाला, "गावाकडं ठिवून आलाय गड्या. म्हणून तर सांजच्याला याद येऊन राहिली."

सगळे हसले. माझी वहिनी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी खाली बघत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा मी 'बाबू म्हणे' म्हटलं. चाल कुठंच अडली नाही. कुणी हसलं नाही. "तू जुळवलंस?" असं एकानं विचारलं आणि मी मान हलवली. त्या वेळी ते फार किरकोळ वाटलं.

पुढे लातूर जिल्हा झाला. नवी कार्यालयं उघडली, माणसं हवी होती, मी कारकून म्हणून लागलो. पक्की नोकरी, भाड्याचं घर, बायको शाळेत शिक्षिका. विहारात बायकांची गायन पार्टी उभी राहिली आणि माझ्याबरोबर आलेलं गाणं त्या बायकांच्या तोंडी बसलं. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी पांढऱ्या साड्या नेसून त्या रांगेत उभ्या राहायच्या. माईकवर पुकारायचे, "आता बाबूरावांचं सांजगीत." मला हार घालायचे. मी घालून घ्यायचो.

एका वर्षी बायकोनं मला न विचारता दादा-वहिनीला बोलावलं. ती दोघं आली ती थेट मंडपात. गायन पार्टीतल्या एकीनं वहिनीला हाताला धरून रांगेत ओढलं. "या मावशी, उभ्या ऱ्हावा. येतं का हे गाणं?"

"येतं थोडं थोडं," वहिनी म्हणाली.

मी माईकजवळ उभा होतो. चाल तिची होती, पण तिनं एकाही ओळीला पुढाकार घेतला नाही. मागे राहून उचलत होती. शेवटचं कडवं जवळ आलं. तिथं तिला कळणार होतं. पहिल्यांदा 'बाबू म्हणे' आलं तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते. कडव्याची ओळ दोनदा म्हणतात. दुसऱ्या वेळी तिनं इतर बायकांबरोबर 'बाबू म्हणे' म्हटलं. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी जेवताना ती म्हणाली, "चाल लई वर नेली रं. बायांचा दम पुरत न्हाई." मग भाताकडे बघत म्हणाली, "नाव बसलं बराबर." तो टोमणा होता की तिला खरंच तसं वाटलं, हे मला आजही सांगता येत नाही. दादानं ताटातच हात धुतला आणि उठला.

त्यानंतर मी गावी गेलो तेव्हा संध्याकाळी समाजमंदिरात पोरी ते गाणं म्हणत होत्या. तिसरं कडवं झालं आणि त्या थांबल्या.

"पुढचं?" मी विचारलं.

"एवढंच हाय, काका. सरूआजीनं एवढंच शिकवलं."

वहिनी दाराशी बसून तांदूळ निवडत होती. तिला ऐकू आलं असणार. तिनं माझं नाव घातलं नव्हतं आणि स्वतःचंही ठेवलं नव्हतं. कडवंच सोडून दिलं होतं.

आता लोक विचारतात, तुमचं घर कोणतं, लातूर की गाव. लातूरला माझं नाव घेऊन गाणं संपतं. गावात ते तिसऱ्या कडव्यावर संपतं. मी कुठंही बसलो तरी शेवटी मला उठून बाहेर यावंसं वाटतं. दुसरं काही सांगता येत नाही. विहारातल्या बायकांना एवढीच विनंती, इथून पुढे 'सरू म्हणे' म्हणा.

वहिनी शेवटच्या आजारपणात आमच्याकडे होती. एका संध्याकाळी विहारातून गाणं ऐकू येऊ लागलं. शेवटचं कडवं यायच्या आत बोलायचं, असं ठरवून मी तिच्या खाटेशी खाली बसलो. "वहिनी, त्या गाण्याचं..." एवढं बोललो.

तिनं डोळे उघडले. "काय म्हणलास, बाबू?"

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी देऊ का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दे."