तिसरा कौल

मी एसटीत कंडक्टर होतो. सगळी नोकरी लोकांचं खोटं पकडण्यात गेली. मिसरूड फुटलेला घोडा मांडीवर बसवून 'पाच पुरी व्हायचीत' म्हणून सांगणाऱ्या बायका बघितल्या आणि त्याचं तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं. निवृत्त झालो, पण सवय सुटली नाही. मासेवालीनं सुरमई ताजी म्हटली की मी कल्ला उचलून बघतो, मग तिच्या तोंडाकडे बघतो.

त्यामुळे आमची एकुलती एक मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, माका डोळ्यांचा लेझर करूचा आसा," तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हिला हे शिकवलं कुणी? ती देवबागला पर्यटकांना समुद्रात खाली नेते, मासे-प्रवाळ दाखवते. पाण्यात चष्मा चालत नाही. लेन्स लावून दोनदा डोळे लालभडक झाले, तेव्हा डॉक्टरनं लेन्स कायमच्या बंद करायला सांगितल्या. म्हणजे एकतर लेझर, नाहीतर काम सोड. आणि कामावर तिचा जीव. ते मला कळत होतं. पण डोळ्यावर किरण मारतात, दुखत नाही, त्याच दिवशी घरी सोडतात, चष्मा गायब! इतकं सगळं चांगलं एका दमात कुणी सांगितलं की माझा हात आपोआप तिकीट तपासायला पुढे होतो.

"आणि डोळो गेलो तर?"

"जाणा नाय, बाबा."

"ता तुका कोणी सांगल्यान?"

"तुमचो इश्वास आसा तरी कोणावर?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "देवावर पण नाय."

ती असं का म्हणाली ते मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो.

आमच्याकडे काही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमचा गुरव माझा शाळासोबती. पाकळी लावता लावता म्हणाला, "आज एकदाच हां रे. गेल्या खेपेसारखा नको."

उजवी पडली. पुन्हा लाव म्हणायला जीभ वळवळत होती. पण तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी नमस्कार करून सरळ बाहेर पडलो.

मुलीला घेऊन कोल्हापूरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात जाताना वाटेत तळेऱ्याला चहा घेतला. अजून परत फिरता येईल, असं मी तिसऱ्यांदा म्हटलं. ती हसली. "बाबा, ह्या गाडयेत मी एकच पॅसेंजर आसंय, आणि माका उतरूचा नाय."

हॉस्पिटल चकाचक, म्हणजे संशयाला आणखी जागा. आत गेलो तर डॉक्टरलाच चष्मा! मी विचारलंच, "तुमचा का नाही घालवलात?"

"हा वाचायचा आहे, काका. वय झालं."

उत्तर तयारच होतं. तयार उत्तर मला कधी आवडलं नाही. मशीन किती जुनं, ऑपरेशन तुम्ही करणार की तुमचा असिस्टंट, बुबुळ पातळ निघालं तर काय, मी विचारत सुटलो. मुलगी खाली मान घालून बसली होती. डॉक्टरनं सगळ्याची उत्तरं दिली, बुबुळाची जाडी मोजलेला कागदही माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "आता मी एक विचारू? हिचा डावा डोळा लहानपणापासून मागे राहिलाय. चष्मा लावूनही त्याला पूर्ण दिसत नाही. लेझरनं नंबर जाईल, पण ही कसर राहणार. वेळेवर चष्मा लागला असता तर तो डोळा बघायला शिकला असता. इतका उशीर का झाला?"

मी तो जाडीचा कागद पुन्हा उचलून वाचू लागलो.

"आमच्याकडे तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर नव्हते, सर," मुलगी म्हणाली. पापणी न हलवता.

डॉक्टर होता. मालवणात, भर रस्त्यावर. दिवसातून चार फेऱ्या मी त्याच्या पाटीखालून मारायचो.

ती दुसरीत होती. फळ्यावरचं तिला दिसत नाही, असा बाईंचा निरोप आला. त्याच महिन्यात तिच्या मैत्रिणीला गुलाबी चष्मा लागला होता. मी म्हटलं, पकडली चोरी! बायको डॉक्टरकडे नेऊया म्हणत होती. मी म्हटलं, आधी देवाला विचारू, चेडू खरं बोलतं का. पहिला कौल उजवा आला. पाकळी नीट चिकटली नव्हती म्हटलं. दुसराही उजवा. वारा आला म्हटलं. तिसऱ्या खेपेला डावी पडली आणि मी गुरवाला म्हटलं, "बघ, मी काय सांगितलंय?" घरी येऊन तिला दोन धपाटे घातले. त्यानंतर दिसत नाही असं ती कधी म्हणाली नाही. पाचवीत शाळेत तपासणी झाली, तेव्हा चष्मा लागला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "डाव्या डोळ्याचा तुका ठावक होता?"

"होय. चष्मेवाल्यान कधीच सांगितल्यान."

"मगे माका कित्याक सांगूक नाय?"

"सांगितलंय मां, बाबा. दुसरीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी बाकावर बसलो आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. बाहेर टीव्हीवर आतलं दाखवत होते, पडदाभर एक डोळा. हे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं असेल, असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू? डावा डोळा आला तेव्हा मात्र मी मान खाली घालून चपलांकडे बघत बसलो.

सगळं नीट पार पडलं. महिनाभर पाणी वर्ज्य होतं. मग ती देवबागला पहिल्यांदा कामावर निघाली, तेव्हा मीही सहज म्हणून सोबत गेलो. चष्म्याशिवाय तिचं तोंड मला अजून परकं वाटत होतं. किनाऱ्यावर उभी राहून तिनं लांबच्या होडीचा नंबर घडाघडा वाचून दाखवला.

"दोनय डोळ्यांनी दिसता?"

"होय, बाबा. दोनय."

उत्तर पटकन आलं, तयार होतं. उजवा डोळा झाक आणि पुन्हा वाच, एवढंच म्हटलं की पुरे होतं. पकडायला इतकं सोपं खोटं नोकरीत मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरचे शब्द मला पाठ होते, तिलाही होते.

"बरा," मी म्हटलं. पुन्हा विचारलं नाही. ती होडीत चढली आणि तिची पिशवी मी वर दिली.