मावशीच्या बोटीतलं टेबल

पवनीत माझं फर्निचरचं दुकान आहे. दुकान म्हटलं तरी काम सगळं प्लायवूडचं आणि सनमायकाचं. स्वयंपाकघराचे कप्पे, टीव्हीखालची पेटी, लग्नात द्यायचं कपाट. माप घ्यायचं, मशीनवर कापायचं, गोंद लावून वर सनमायका दाबायचा. त्यात माझा हात चांगला बसला आहे. पण रंधा कपाटावर पडून होता आणि त्याच्या पात्याला गंज चढला होता, हे ती मावशी दुकानात येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मावशी आली ती दिवाळीनंतर, छोटा हत्ती टेम्पो घेऊन. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, त्यातल्या ढिवर कुटुंबातली ती. आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहते. नवरा मासेमारी करतो. तिच्या बचत गटानं एक जुनी बोट घेतली होती. लोकांना धरणाच्या पाण्यावर फिरवून आणायचं आणि बोटीतच जेवू घालायचं, असा त्यांचा बेत होता. गाडीत मागे एक आंब्याची फळी होती. पाच फूट लांब, दोन इंच जाड, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. दोन्ही कडा झाडाच्या होत्या तशाच, वाकड्यातिकड्या, काही ठिकाणी साल धरून.

"याचं टेबल पायजे," ती म्हणाली. "अन् कड कापायची नाही."

मी हसलो. सुताराचं अर्धं काम कड सरळ करण्यात जातं. "काहून जी मावशी? सरळ केली की चांगली दिसन."

"दिसन त खरी. पण दोन्हीकडून कापली त समोरासमोर दोन ताटं बसतीन का?"

मी टेप लावला. तिचं बरोबर होतं. कडा सरळ केल्या तर मधे वीतभर रुंदी जात होती.

फळी कुठली, तेही तिनं सांगितलं. गाव उठलं तेव्हा अंगणातला आंबा तोडला, ट्रॅक्टरनं आरा मशीनवर नेला. चांगल्या फळ्यांच्या नव्या घराच्या चौकटी झाल्या. ही वाकडी म्हणून उरली. विटांवर ठेवून त्यांनी तिचा बाक केला. बारा-पंधरा वर्षं पावसापाण्यात तिच्यावर बायका बसत, तांदूळ निवडत, जाळी दुरुस्त करत. मी म्हटलं, आंब्याचं लाकूड बोटीत टिकत नाही, सागवान घ्या. ती म्हणाली, "माह्याजवळ हेच आहे." आणि पाणी पिऊन निघून गेली.

मला काम सोपं वाटलं. मोबाईलवर असली टेबलं मी पाहिली होती, वर काचेसारखा चकचकीत थर असलेली. नागपूरहून तसलाच थर मागवला. उघड्या कडेवरून ग्राइंडर फिरवला, साल होती तिथं तशीच ठेवली, कारण फोटोत साल होती. खाली लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली आणि फळी बारा स्क्रूंनी तिला आवळून टाकली. टेबल असं चमकत होतं की रस्त्यानं जाणारे आत डोकावून पाहायचे. मी त्याचे फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. बोटीत नेऊन बसवलं तेव्हा गटातल्या बायकांनी हळदकुंकू लावलं, मला पेढा दिला.

होळीच्या आधी मावशीचा फोन आला. "मिस्त्री, फाटलं ना जी टेबल."

जाऊन पाहिलं. निमुळत्या टोकापासून हातभर लांब भेग गेली होती. वरच्या थराला उन्हानं पांढरे फोड आले होते, नखानं पापुद्रे निघत होते. सालीतून भुसा गळत होता, म्हणजे आत कीड होती. जेवायला बसलेल्या एका पाहुण्याच्या शर्टाला साल चिकटली, असं एका बाईनं हळूच सांगितलं.

मी म्हणालो, "मी आधीच सांगतलं होतं मावशी, आंब्याचं लाकूड असंच असते."

ती रागावली नाही. टेबलावरून हात फिरवत म्हणाली, "इतकी वर्षं अंगणात पडून होतं, तवा नाही फाटलं. तुमच्या हातात आलं अन् फाटलं."

टेबल सोडवून गाडीत टाकलं आणि दुकानात आणलं. दोन दिवस मी त्याच्याकडे पाठ करून कपाटं जोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पवनीहून भंडाऱ्याची, तिथून तुमसरची आणि पुढे आंबागडची गाडी धरली.

आंबागडला माझे वस्ताद राहतात. सुतारकाम मी त्यांच्याकडे शिकलो. सात वर्षं त्यांच्या घरी जेवलो. मग नागपूरच्या एका सनमायकाच्या दुकानात काम मिळालं आणि मी त्यांना न सांगता निघून गेलो. सांगायची हिंमत नव्हती. नंतर त्यांची बायको गेली, तेव्हाही मी आलो नाही. आधी लाज होती, मग इतका काळ गेला की त्या उशिराचीच लाज वाटायला लागली. तुमसरपासून पुढे गाडीत बसलो होतो तेव्हा वाटत होतं, रस्त्यात गाडी बंद पडावी.

वस्ताद अंगणात कुदळीला दांडा बसवत होते. केस सगळे पांढरे झाले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा खाली घातली.

"बस. चहा घेशीन?"

मी पाया पडलो. मोबाईल काढून भेगेचा फोटो दाखवायला लागलो. त्यांनी मोबाईल हातातही घेतला नाही.

"लाकूड फोटोत समजते का? कुठं आहे थे?"

"पवनीले, माह्या दुकानात."

"मंग उद्या जाऊ."

एवढंच. दुसऱ्या दिवशी पटाश्या कापडात गुंडाळून ते माझ्यासोबत गाडीत बसले. पायाशी तेलाचा एक डबा. त्यांची मुलगी करडी गावात दिली आहे. तिच्या घरी धान निघाल्यावर त्याच बांधीत जवस पेरतात, त्या जवसाचं घाण्याचं तेल होतं.

दुकानात शिरल्यावर त्यांनी सनमायकाच्या कपाटांकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबल उलटं करायला लावलं. स्क्रू मोजले.

"बारा? दावणीले बांधून टाकलंस बिचाऱ्याले. पावसात लाकूड आडवं फुगते, उन्हात आखडते. लोखंड त त्याले हलू देत नाही. मंग थे फाटन नाही त काय करन?"

हे मला माहीत होतं. त्यांनीच शिकवलेलं होतं. प्लायवूड फुगत नाही, आखडत नाही, आणि त्याच्यासोबत राहून मी ते विसरून गेलो होतो.

आधी वरचा थर काढायचा होता. मी मशीन उचललं. त्यांनी नको म्हणून हात केला आणि खिडकीची फुटकी काच मागितली. काचेच्या धारेनं आम्ही दोघं समोरासमोर बसून तो थर खरवडत राहिलो. तीन दिवस लागले. साल पटाशीनं अलगद काढली. सालीखाली कड निघाली ती गुळगुळीत, उंचसखल, फिकट तपकिरी. जिथं आधीच साल नव्हती तिथं माझ्या ग्राइंडरचे गोल ओरखडे होते. ते घासून काढायला आणखी एक दिवस गेला.

त्या खरवडण्यातच एकदा मी म्हणालो, "वस्ताद, मी न सांगता गेलो होतो."

काच थांबली नाही. "मले माहीत होतं."

"कसं?"

"त्या दुकानवाल्यानं मलेच विचारलं होतं. पोट्टा कसा आहे म्हणून. म्या सांगतलं, हाताले चांगला आहे, घेऊन जा."

मी काच खाली ठेवली. "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू विचारलं कुठं? चोरासारखा पहाटेच गेला." मग काचेवरची पूड फुंकून म्हणाले, "तुही काकू दोन वर्षं पोळ्याच्या दिवशी तुह्या नावाची एक पुरणाची पोळी जास्त करे. येईन म्हणे."

मला समोरची फळी दिसेनाशी झाली. माझी बायको चहा घेऊन आली, तेव्हा वस्तादांनी तिच्याकडे साखर जास्त मागितली.

भेग बुजवायची नाही, बांधायची, असं ठरलं. त्यासाठी सागवानाचे डमरूसारखे दोन तुकडे करून भेगेवर आडवे बसवायचे होते. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. पहिला तुकडा मी केला. खाचेत टाकला तर हलत होता. वस्तादांनी तो उचलून भुशात फेकला. दुसरा लाकडी हातोडीनं ठोकला तेव्हा घट्ट बसला. त्यांनी वरून अंगठा फिरवला आणि पुढच्या कामाला लागले. सात वर्षांत त्यांनी कधी शाबासकी दिली नव्हती. अंगठा फिरवून पुढे गेले की समजायचं.

चौकटीतली भोकं आम्ही लांबट केली, रुंद वॉशर टाकले, म्हणजे फळीला फुगायला-आखडायला जागा राहील. मग तेल. जवसाचं तेल पातळ करून फडक्यानं चोळायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं, दोन दिवस उन्हात ठेवायचं आणि पुन्हा चोळायचं. सहा हात दिले. पहिल्या दिवशी मी तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर वस्ताद ओरडले, "अरे, दुकान जाळतो का? जवसाच्या तेलाची फडकी अशी ठेवली त आपोआप पेट घेतात." तेव्हापासून आम्ही फडकी तारेवर पसरून वाळवत होतो. माझी बायको म्हणे, यापेक्षा साडी वाळत घातली असती तर दुकान चांगलं दिसलं असतं.

सहाव्या हातानंतर फळीचा रंग पिकत्या चिंचेसारखा झाला. चमक नव्हती. हात ठेवला की उबदार लागायची.

चैत्रात टेबल पुन्हा बोटीत चढवलं. वस्ताद सोबत आले, पण काठावरच उभे राहिले. जन्मभर त्यांचा संबंध जंगलाशी, एवढं पाणी त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं.

"मी इथूनच पायतो," ते म्हणाले.

मावशीनं त्यांचा हात धरला. "या ना जी भाऊ. बुडालेत त आमचे सगळे पोहणारे आहेत."

ते बसले, पण टेबलाची कड दोन्ही हातांनी पकडून. मावशीच्या नवऱ्यानं इंजिन सुरू केलं. बोट आत गेली तसं मावशीनं भात आणि झिंग्याचा रस्सा वाढला. समोरासमोर दोन ताटं, मधे रश्श्याचं भांडं, तरी जागा उरली. मी तिच्याकडे पाहिलं. ती फळीवरून बोट फिरवत भेगेपाशी थांबली, डमरूवर टिचकी मारली.

"हे आधी नव्हतं."

"नाही. हे आता बसवलं."

"आता फाटन का?"

वस्तादांनी घास तोंडात ठेवूनच उत्तर दिलं, "पावसाळा जाऊ दे बाई. मंग सांगतो." त्या वेळेपर्यंत त्यांचा एक हात कडेवरून सुटला होता.

पावसाळा गेला. वस्ताद पुन्हा आले, आम्ही बोटीवर जाऊन भेग पाहिली. रेषेएवढीही वाढली नव्हती. वॉशरखाली फळी सरकल्याची खूण मात्र दिसत होती. त्यांनी ती मला बोट ठेवून दाखवली. थंडीत पाहुणे वाढले. रविवारी मावशीला आधी फोन करून जागा ठेवावी लागते. दिवाळीत ती स्वतः टेबलाला तेल चोळते, फडकी तारेवर वाळत घालते.

पोट माझं अजूनही सनमायकावरच आहे. पण आता वस्ताद वर्षातून दोनदा येऊन महिनाभर राहतात आणि दुकानाच्या मागे मी शेड टाकली आहे. तिथं वादळात पडलेल्या जांभळाच्या सहा फळ्या मधे काड्या ठेवून वाळायला रचल्या आहेत. जवळच्या गावातल्या एका शाळेला वाचनालयासाठी लांब टेबल पाहिजे. मी त्यांना सांगून टाकलं आहे की लाकूड वाळायला अजून एक उन्हाळा लागेल. मुख्याध्यापिका म्हणाल्या, थांबतो आम्ही.