खुर्चीवरचं इंग्रजी

सावळारामतात्या आम्हाला शिकवत होते की आमचे हुकूम झेलत होते, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आज नातवंडांना सांगतानाही धड कळत नाही. ज्याला नुसतं हसायचं असेल त्यानं पुढं वाचू नये.

तात्या वीस वर्षं कालव्याच्या बंगल्यावर खानसामा होते. पाटबंधाऱ्याचे गोरे इंजिनियर पाहणीला आले की त्यांच्या खाण्यापिण्याचं सगळं तात्यांकडं. मग गोरे गेले, त्यांच्या जागी आलेले साहेब घरचा डबा आणायला लागले, आणि तात्या कळसजवळच्या आमच्या वस्तीवर वांगी लावून बसले. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण इंग्रजी यायचं, निदान आम्हाला तरी तसं वाटायचं.

ही गोष्ट चौपन्न सालची. तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. आमच्याकडची पोरं आठवीला बारामतीला जायची आणि पहिल्याच सहामाहीत इंग्रजीत आपटायची. हेडमास्तर आबाजी गुरुजी या प्रकारानं हैराण झाले होते. एक दिवस तात्याच शाळेत आले.

"गुरुजी, मला लिवाय येत न्हाय," ते म्हणाले. "पर रांधता रांधता मी पोरास्नी विंग्रजी शिकवतो. देशोदेशीचं जेवान करतो. फकस्त येक करा. पोरास्नी मला गुरुजी म्हणाय सांगा. समदी वस्ती खानसामा म्हणती."

आबाजी घुटमळले. "दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचेत," ते म्हणाले. "त्यांनी तुमच्या वर्गाला चांगला शेरा दिला, तर मीच पोरांना सांगतो."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मागच्या लिंबाखाली तीन दगडांची चूल पेटायची. पहिल्या दिवशी तात्यांनी आबाजींची खुर्ची मागून आणली. आम्हाला वाटलं, आता हे बसणार. त्यांनी मलाच धरून बसवलं.

"कौसल्ये, तू मेमसाब. हितं बस."

आणि स्वतः खांद्यावर टॉवेल टाकून समोर ताठ उभे राहिले. ज्या जागी उभं राहून त्यांनी इंग्रजी ऐकलं होतं, तीच जागा त्यांनी धरली. इंग्रजी दुसऱ्या कुठल्या जागेवरूनही बोलतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला कानात हळूच सांगायचे, "म्हण, ब्रिंग द सूप." मी म्हटलं की मोठ्यानं "येस, मेमसाब," आणि वाटी हजर.

"आता म्हण, टू कोल्ड. टेक इट अवे."

"तात्या, चांगलं गरम हाय की."

"असू दे. सायेब असंच म्हणायचं."

शनिवार मारुतीचा, त्यामुळं अंडं आणि मटण बंद. वस्तीनं त्याच अटीवर पोरं पाठवली होती. तात्यांनी डोकं खाजवलं आणि आहे त्यात भागवलं. आयर्लंड म्हणजे बटाट्याचं कालवण, फ्रान्स म्हणजे बेसनाचं धिरडं, इटली म्हणजे शेवया, पुडिंग म्हणजे गुळाची खीर. सहा शनिवारांत आमचं जग फिरून झालं आणि सगळ्या देशांना एकाच फोडणीचा वास आला. भूगोलाच्या पेपरात आमच्यातल्या महिपतीनं फ्रान्सचं मुख्य पीक हरभरा लिहिलं. आबाजींनी चूक द्यायच्या आधी बराच वेळ विचार केला.

घरोघरी गोंधळ. तात्यांची बायको ठमाबाई तर भडकलीच. "वीस वर्सं गोऱ्याम्होरं हुबं ऱ्हायलात, आता शेंबड्या पोरांम्होरं बी?" माझे वडील हिंदुराव एकदा सहज डोकावले, तर मी पाय हलवत तात्यांना सुनावत होते.

"कौसे, म्हाताऱ्या मानसाला काय बोलतीस?"

"दादा, विंग्रजी बोलतीया."

दादांना माझा कान पिळावा की पाठ थोपटावी हे सुचेना. त्यांनी आधी कान पिळला आणि संध्याकाळी पारावर माझं कौतुक सांगत बसले. तात्या मात्र खुशीत होते. दिपोटी कधी येणार, हे आबाजींना रोज विचारायचे.

दिपोटी आले तेही शनिवारीच. तात्यांनी धुतलेला सदरा घातला होता. मी खुर्चीत होते आणि अगदी रंगात आले होते. "व्हेअर इज द पुडिंग? टू स्वीट. टेक इट अवे." एकही हुकूम चुकला नाही. साहेब हसले, आम्हाला शाबासकी दिली, आणि तात्यांकडं वळून त्यांनी विचारलं, "आर यू द टीचर ऑर द कुक?"

मला प्रश्न कळला. टीचर हा शब्द आबाजींनी शिकवला होता आणि कुक तर तात्यांच्या हाडात मुरलेला. पण कोट घातलेला साहेब समोर, आणि आजवर कुठल्या साहेबानं त्यांना दोनातलं एक निवडायला सांगितलं होतं? तात्यांचे पाय जुळले.

"येस, सर."

साहेबांनी पुन्हा हळू विचारलं. पुन्हा तेच. साहेब मान डोलावून आत लिहायला गेले. मला त्यांचा आजही राग येतो. आपल्याच पुण्याकडचा माणूस, मराठीत विचारायला काय झालं होतं? आणि त्याहून जास्त राग माझा येतो. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण त्या खुर्चीत बसून मी फक्त मागायला शिकले होते.

साहेबांची गाडी गेल्यावर आबाजी शेरेबुक घेऊन बाहेर आले. मी खुर्चीतूनच मान उंचावून वाचलं. 'स्वयंपाक्याचे काम समाधानकारक.'

"काय लिवलंय?" तात्यांनी विचारलं.

"काम समाधानकारक आहे, असं लिहिलंय."

"कुनाचं काम?"

आबाजी पेनाचं टोपण शोधायला लागले. ते त्यांच्या खिशालाच होतं.

"तुमचं, गुरुजी," मी म्हटलं.

मी खोटं बोलले की खरं, अजून ठरत नाही. मी खुर्चीतून उठले आणि म्हटलं, "बसा."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्चीची बैठक पुसली.

"न्हाय, पोरी. ही गुरुजींची हाय."

आणि खुर्ची उचलून ती आत, आबाजींच्या टेबलामागं नेऊन ठेवली.