मधे पळणारी पोरगी

वाईट खेळल्यामुळे संघातून हाकललेले खेळाडू गल्लोगल्ली सापडतील. चांगलं खेळल्यामुळे कायमची घरी बसलेली सोलापूर जिल्ह्यात मी एकटीच असेन.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेतल्या शेख सरांनी मुलींचा फुटबॉल संघ काढला, तेव्हा निम्मी गल्ली ‘काय ही थेरं!’ म्हणाली आणि उरलेली निम्मी मैदानाच्या कडेला बघायला येऊन उभी राहिली. (पहिली निम्मी दुसऱ्या दिवशी आली.) शाळा संपली तरी सरांनी संघ मोडू दिला नाही. मी हाफ खेळायची. हाफ म्हणजे मधली. पुढच्या पोरींना चेंडू पुरवायचा, मागच्या पोरी अडकल्या की तिकडं पळायचं, परत पुढं यायचं. गोल मारायची आमची ललिता. तिच्या घरी माग होते, घरात सगळे तेलुगू बोलायचे, आणि गोल झाला की ती ‘अम्माऽऽ’ करत मैदानभर नाचायची. टाळ्या तिला! पळून पळून जीभ बाहेर आलेली असायची ती माझी.

माझे वडील, अण्णा, गिरणीत कामाला. मूळचे वळसंगचे. त्यांनी मला खेळायला परवानगी दिली होती, पण अटीवर. “लगीन ठरंपर्यंत खेळ. ठरलं की बास.”

त्यामुळे माझा हिशेब सरळ होता. लग्न ठरू द्यायचं नाही! येईल त्या पाहुण्यासमोर मी तोंड वाकडं करून बसायची, चहा सांडायची, एकाला तर मी ‘काका’ म्हटलं होतं. कारण त्या वर्षी राज्याच्या मुलींच्या संघासाठी निवडीची मॅच सोलापुरात ठरली होती. निवड झाली की रेल्वेत बसून परमुलखात जायचं आणि राज्याचा शर्ट अंगात घालून खेळायचं. मला झोपेतसुद्धा तो शर्ट दिसायचा.

नेमकं त्याच आठवड्यात मामानं माळशिरसकडचं स्थळ आणलं. बागाईत जमीन, ऊस, गोठाभर म्हशी. आईला म्हशी ऐकूनच भरून आलं. मला म्हणाली, “शालन, पाव्हण्यांम्होरं त्या फुटबालाचं नाव काढलंस तर जीभ हासडून हातात देईन.”

मी नाव काढलंच नाही. नाव काढलं माझ्या पायानं! पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सरावात घोटा मुरगळला आणि भोपळ्याएवढा सुजला. आईनं आंबेहळदीचा लेप लावला, वर लांब निऱ्यांचं लुगडं नेसवलं आणि बजावलं, “बसून राहायचं. उठायचं न्हाय.”

पाहुणे आले. मुलगा, त्याचे एक चुलते आणि त्याची आई. मुलगा भिंतीकडं बघत बसला होता. सगळ्या कार्यक्रमात तो एकच वाक्य बोलला, “पाणी मिळंल का?” त्याची आई मात्र भरभक्कम बाई. मांडी घालून बसली, चंचीतून पान काढलं, चुरमुऱ्याची सुशीला दोनदा मागून घेतली आणि मग मला नखशिखांत बघून म्हणाली, “चालून दाव गं पोरी.”

आई, अण्णा आणि मामा एकमेकांकडं बघायला लागले. मी उठले. एक पाऊल नीट टाकलं, दुसऱ्याला कळ मस्तकात गेली आणि मी जी लंगडले, ती थेट चुलत्यांच्या ताटलीशी जाऊन थांबले!

“पाय जल्माचाच असा हाय का?” बाईंनी शांतपणे विचारलं.

“छे छे! पडली वो परवा!” तिघांच्याही तोंडून एकदम आलं.

“कुटं पडली?”

“पायरीवरनं,” आई म्हणाली.

“न्हाणीत,” अण्णा म्हणाले.

“एस्टीतनं उतरताना,” मामा म्हणाला.

बाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं. “पाय एक, आन् पडली तीन ठिकाणी. लई कामाचा पाय हाय की!”

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आणखी एक स्थळ गेलं! पण उंबऱ्यात चपला घालताना बाई दिराला म्हणाल्या, “लंगडी पोरगी गळ्यात मारत हुते बघा.” हळूच म्हणाल्या, पण त्यांचं हळूच चार घरं ऐकू जायचं. समोरची खिडकी उघडली. शेजारची काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आली. माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या, आणि अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. एकदा ‘लंगड्याचं घर’ असं नाव पडलं की त्या दोघींनाही कोण विचारणार?

आणि अण्णांचा तोल गेला. “लंगडी? माजी पोरगी लंगडी? आवो, फुटबाल खेळती ती! रविवारी पार्क मैदानावर या आन् बघा कशी पळती!”

आईनं कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी मान हलवली. “येतो की,” म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लाडाचे! ज्या आईनं माझे बूट ज्वारीच्या कणगीत दडवले होते, तीच ते बाहेर काढून खोबरेल तेलानं चोळत बसली. सकाळ-संध्याकाळ शेक, लेप, तुपातला शिरा. अण्णा कामावरून आले की आधी माझा घोटा बघायचे, मग हातपाय धुवायचे. घरात पहिल्यांदाच कुणाला तरी माझा पाय बरा व्हावा असं मनापासून वाटत होतं. कुणासाठी वाटत होतं, ते सोडा.

मी ललिताला माझा बेत सांगितला. असं खेळायचं की निवड तर व्हायलाच पाहिजे, आणि असं वागायचं की पाहुणे मैदानावरूनच माळशिरसची एस्टी धरतील. हाफ पँट, उघडे गुडघे, आरडाओरडा, धक्काबुक्की. असली सून कोण घरात घेणार?

“एका दगडात दोन पक्षी!” मी म्हटलं.

“दगड तुझ्याच डोक्यात पडंल बघ,” ललिता म्हणाली. मी तिला हसले. गाढव मी!

रविवारी मैदानाच्या एका बाजूला निवड करणारे साहेब काळे चष्मे लावून बसले, दुसऱ्या बाजूला आमचे पाहुणे. अण्णांनी त्यांच्यासाठी मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या होत्या! शेख सर माझ्याजवळ आले. “शालन, आज दिल खोलके खेलना. ऐसा मौका फिर नहीं आता.”

मी खेळले. बाई गं, काय खेळले! घोटा ठणकत होता, पण माझं लक्षच नव्हतं. धुळीनं भुतासारखी झाले. दोघींना खांद्यानं उडवलं, एकीला पाडून परत हात देऊन उठवलं, पंचाशी भांडले. मुद्दाम पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढं जाऊन “अगं ए म्हशे, चेंडू सोड की!” असं बोंबलले. आईनं पदर तोंडावर घेतला तो शेवटपर्यंत काढलाच नाही. नवरा मुलगा चेंडू मैदानाबाहेर गेला की टाळ्या वाजवत होता. ललितानं दोन गोल मारले. दोन्ही चेंडू मी दिलेले! ती ‘अम्माऽऽ’ करत नाचत सुटली आणि मी तोंडावरची धूळ पुसून परत मधे येऊन उभी राहिले.

शिट्टी झाली. साहेबांनी पहिलं नाव ललिताचं घेतलं. मग आणखी नावं. मी देव पाण्यात घालून उभी. शेख सर साहेबांच्या कानाशी लागले, साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं (इतका वेळ मी बहुधा त्यांना दिसलेच नव्हते) आणि सगळ्यांत शेवटी माझं नाव घेतलं. राज्याच्या संघात! मी ललिताला मिठी मारून भोकाड पसरलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला. माळशिरसच्या बाई! त्यांनी दंड दाबून बघितला, खाली वाकून पोटरी दाबून बघितली. बाजारात खोंड बघतात तसा. आणि अण्णांकडं वळून म्हणाल्या, “पाव्हणं, पोरगी पसंत हाय.”

“आँ?” हे मी म्हटलं. अण्णांनी नुसताच आ केला होता.

“मी हिच्यावरनं नजर काढली न्हाय. पुढं गेली की माघारी येती, माघारी गेली की पुढं जाती. एक घडी बसली न्हाय का दम खाल्ला न्हाय. कुणी पडलं की उचलती. सोताला चेंडू घावला की दुसरीला देती. गोल त्या पोरीनं केला, टाळ्या तिला, आन् ही गुमान परत कामाला! आवो, अशी सून दिवा घेऊन हुडकली तरी घावायची न्हाय.”

“आणि मी शिव्या दिल्या त्या?” मी काकुळतीला येऊन विचारलं.

“दिल्यास की! म्हशीस्नी तसंच वरडावं लागतंय.”

“पण मी राज्याकडून खेळणार आहे!”

“खेळ की! कोन नको म्हनतंय? लगीन झाल्यावर खेळ.”

अण्णांच्या डोळ्यांना पाणी आलं. असलं उदार सासर पूर्वपुण्याईनं मिळतं, असं ते येईल-जाईल त्याला सांगत सुटले. मुहूर्त मात्र नेमका संघाच्या सराव शिबिराच्या दिवसांतला निघाला. शेख सर घरी आले, हात जोडले, म्हणाले, “अण्णा, एक महिना थांबा.” अण्णा म्हणाले, “सर, मुहूर्त मोडायचा नसतो. तुमी हळदीला या.” सर आले नाहीत. संघ गेला, ललिता गेली, माझ्या जागी दुसरी कुणी गेली. मला रडू नाही आलं. संताप आला. त्या संतापात मी अक्षता पडताना आंतरपाटाला लाथ मारली. सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली!

सासरी मी त्या बाईंना, म्हणजे आता माझ्या आत्याबाईंना, त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. त्या कधीच ‘नको’ म्हणाल्या नाहीत, हे मी देवाशपथ सांगते. “खेळ की! ऊस तेवढा जाऊ दे.” ऊस गेला. “खेळ की! म्हस तेवढी यीऊ दे.” म्हैस व्याली, मग मी बाळंत झाले, मग परत म्हैस. गोठ्यातून चुलीकडं, चुलीकडून उसात, उसातून परत गोठ्यात. थोरल्या जाऊबाई पाहुण्यांपुढं ताट ठेवायच्या आणि पाहुणे म्हणायचे, “वा, वहिनी, काय चव हाय हाताला!” स्वयंपाक माझा!

एकदा मला सणकून ताप भरला. अंथरुणातूनच म्हटलं, “आत्याबाई, आजच्या दिवस थोरल्या बाईंना सांगा की.”

आत्याबाई उशाशी बसल्या. कपाळावर हात ठेवला. अगदी मायेनं म्हणाल्या, “सांगीन गं. पर तू झोपलीस तर मधी कोन पळंल? तुज्यावानी पळनारी म्या दुसरी बघितली न्हाय.”

आणि मी उठले की हो! पदर खोचला आणि गोठ्याकडं निघाले. काय करणार? काळ्या चष्म्यांच्या साहेबांना जो कळला नाही, तो माझा खेळ कळलेलं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं, आणि ती माझी सासू निघाली!