नाना आणि अंकुशचा एक पॉइंट

शेजारच्या अंकुशनं हरावं म्हणून मी आयुष्यात एकदाच देवापुढं हात जोडले.

देवानं नेमकं तेव्हाच लक्ष दिलं नाही.

अंकुश प्रोफेशनल टेनिस खेळतो. म्हणजे संभाजीनगरातून गाड्या बदलत कुठंकुठं जातो, पहिल्या फेरीत हरतो आणि परत येतो. जागतिक रँकिंगमध्ये नाव यायला निदान एक पॉइंट लागतो, आणि तो पहिली फेरी जिंकली की मिळतो. इतक्या वर्षांत तोही आला नव्हता.

त्याचे वडील, आमचे नाना. मूळचे पिशोरचे, नोकरी चितेगावच्या कंपनीत वॉचमनची. कुणी खवचटपणे विचारलं, "पोरगं काय करतं?" तर म्हणायचे, "गावोगाव जाऊन हरतं. तुमचं घरी बसून हरतं."

गेल्या वर्षी याच दिवशी नाना आयसीयूत होते.

डॉक्टर म्हणाले, "मुलाला आजच बोलवून घ्या."

मुलगा दिल्लीत. दुपारी मॅच.

मी फोन काढला, तसा नानांनी मास्क बाजूला केला.

"सांगू नको त्याला. मॅच सोडून पळत येईल."

"नाना, पण..."

"माझी शपथ हाय तुला."

आता एकच मार्ग होता. अंकुशनं नेहमीसारखं तासाभरात हरायचं आणि संध्याकाळचं विमान पकडायचं.

या स्पर्धांचा लाइव्ह स्कोअर म्हणजे चित्र नाही, आवाज नाही. मोबाइलवर नुसते आकडे. पहिला सेट गेला. मला हायसं वाटलं.

मग हा पठ्ठ्या जिंकायला लागला.

"काय झालं?" नाना.

"दुसरा सेट घेतला त्यानं."

"मग थोबाड का पाडलंस?"

तिसऱ्या सेटमध्ये पाच-चार. सर्व्हिस अंकुशची.

"आता किती?"

"एक गेम राहिला, नाना."

"लई घाई करतो तो अशा टायमाला," नाना म्हणाले. डोळे मिटलेलेच.

मशीन वाजायला लागलं. सिस्टरनं पडदा ओढला आणि मला बाहेर काढलं.

कॉरिडॉरमध्ये ड्यूस. अ‍ॅडव्हान्टेज. पुन्हा ड्यूस. मग स्क्रीन हलेचना.

डॉक्टर आधी बाहेर आले.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हातातल्या स्क्रीनवर आकडा बदलला. सहा-चार.

आणि माझ्या खिशात ठेवायला दिलेला नानांचा फोन वाजला.

मी हॅलो म्हणायच्या आत अंकुश धापा टाकत म्हणाला, "नाना, आला पॉइंट."

टेनिसचा पॉइंट वर्षभरच टिकतो. या सोमवारी तो गेला. अंकुशचं नाव आता कुठल्याच यादीत नाही.

आज वर्षश्राद्धाची पंगत उठली आणि तो पुढच्या स्पर्धेची बॅग भरायला बसला.

नाना, पोरगं निघालंय.

तुम्हाला मनापासून नमस्कार.