आल्यावर विचारा

आमच्या इंग्रजीच्या सुमतीबाई गेल्याचा फोन त्यांच्यापाशी राहणाऱ्या जनीने केला, तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. जनी रडत नव्हती. "सकाळी चहा घेतला, उशी सरळ करायला सांगितली, आणि मी उशी सरळ करेपर्यंत..." एवढंच म्हणाली. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुटल्या." लोकांना हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण मला तेव्हा खरोखर हायसं वाटलं. पावसाळ्यापासून बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. ज्या बाईने वर्गात कधी खुर्ची वापरली नाही, तिला कूस बदलायला माणूस लागत होतं, आणि त्याचा त्यांना विलक्षण राग यायचा. तो राग संपला. आता काही आठवडे उलटल्यावर लिहायला बसले आहे, तर दुःखापेक्षा हसूच जास्त येतंय. बाईंना ते आवडलं असतं.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. तोवर आम्हाला इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरची अक्षरं एवढंच ठाऊक. मी धाकट्या डहाणूची, तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या कोळ्याची मुलगी. आमच्या वस्तीतून हायस्कुलात जाणाऱ्या पोरी मोजक्याच, आणि त्याही सातवीनंतर गळायच्या. मी आठवीत पोचले याचं श्रेय माझ्या बापसाला. त्याला स्वतःला सही येत नव्हती, पण मी वाचायला बसले की तो जाळं विणता विणता गप्प व्हायचा. आयसला मात्र मी बाजारात तिच्या शेजारी टोपली घेऊन बसायला हवी होते. ती वाटच बघत होती, कधी एकदा काहीतरी निमित्त मिळतं आणि पोरगी घरी बसते.

सुमतीबाई साताऱ्याकडून आल्या. किडकिडीत, चष्मा नाकावर घसरलेला, आणि माशांचा वास आला की श्वास रोखून हसायच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी पुस्तक मिटलं. पुस्तकातला मुलगा घोड्यावरून कुठल्याशा टेकडीवर जात होता, आणि आमच्यातल्या कुणाचंच त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. बाई म्हणाल्या, वर्तमानकाळ शिकायचा तर मित्राबद्दल बोला. प्रत्येकाला एकेक जोडीदार दिला. नियम एकच, की जे रोज घडतं आणि जे आत्ता घडतंय ते बोलायचं, आणि स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. जोड्या लावतानाही बाईंनी खोडी काढली. वाडीवाल्यांच्या पोरी खिडकीपाशी बसत, आम्ही कोळ्यांच्या भिंतीकडे. बाईंनी खिडकी आणि भिंत एकत्र केली. माझ्या वाट्याला मसोलीची पद्मा आली. चिकूची मोठी वाडी, दोन गडी, दारात झोपाळा. पद्माने माझ्याकडे पाहिलं आणि बाक पुसून घेतला. मीही मग मुद्दाम जवळ सरकून बसले.

पण पाहिल्याशिवाय वाक्य नाही, म्हटल्यावर करणार काय... पद्माला आमच्याकडे यावं लागलं आणि मला तिच्याकडे. आता यात एक मोठीच अडचण होती. माझी आयस पद्माच्या घरी मासे घेऊन जायची ती मागच्या दाराने, आणि मी त्याच घरात पुढच्या दाराने जाऊन झोपाळ्यावर बसायचं. पहिल्या दिवशी आयस मागे टोपली उतरवत होती आणि मी पुढे "माय फ्रेंड इज ईटिंग अ चिकू" असं मोठ्याने म्हणत होते. आयसने आवाज ओळखला. ती पुढे आली नाही, पण घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पद्मा आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होतो. दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून टाकायचे असतात. पद्माने तासभर खटपट केली, हात रक्ताळून घेतले, आणि शेवटी एक जोडी जमली तेव्हा तिने जे तोंड केलं ते मी अजून विसरलेले नाही. त्या दिवसापासून बाक पुसणं बंद झालं. मैत्री बाईंनी लावून दिलेली होती हे खरं, पण लग्नंही लावूनच दिलेली असतात आणि निभतात.

आणि मग तो शनिवार आला. सकाळची शाळा होती. बाई अख्खा वर्ग घेऊन खाडीवर आल्या, कारण चालू वर्तमानकाळ शिकवायला होड्या निघतानाच्या वेळेपेक्षा चांगली वेळ कुठली? ओहोटी लागली होती. होड्या पाण्यात ढकलल्या जात होत्या, आम्ही ओरडत होतो, ही इज पुलिंग द रोप, दे आर पुशिंग द बोट. बाईंचा चष्मा घामाने पार नाकाच्या शेंड्यावर आला होता, इतक्या त्या खूष होत्या. आमच्या होडीत सुकाणूपाशी बापूस उभा होता. बाईंनी त्याला हात केला आणि वर्गात शिकवायच्या त्याच सुरात विचारलं, "व्हेअर आर यू गोइंग?" बापूस नुसता हसला. त्याला काय कळणार? तेवढ्यात पद्मा, आपल्याला इंग्रजी कळतं या आनंदात, खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, बाई विचारतात, कुठे चाललात?"

सगळा किनारा आमच्याकडे वळून बघू लागला. निघालेल्या माणसाला टोकू नये, हे काय कोळ्यांनाच ठाऊक असतं असं नाही. पद्माच्या घरीही गाडी जुंपल्यावर कुणी विचारत नसे. बाई पुढे मला म्हणाल्या, "अगं, मराठीत माझ्या तोंडून ते कधीच निघालं नसतं. इंग्रजीत मला ते विचारल्यासारखं वाटलंच नाही." पण झालं ते झालं. खलाशांनी होडीवरचे हात काढले. बापूस खाली उतरला, तोंडावर पाणी मारलं आणि वाळूत बसून राहिला. टोकल्यावर असंच करायचं असतं, थोडं थांबून नव्याने निघायचं. पण ओहोटी थांबत नाही. बाकीच्या होड्या खाडीबाहेर गेल्या, आणि आमची मागाहून एकटीच निघाली. आयस किनाऱ्यावरच मला म्हणाली, "सोमवारपासून शाला नाय. बापूस सुखरूप आला तरी नाय." आणि नाही आला तर काय, हे तिने बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला सगळ्यांच्या होड्या आल्या. आमची आली नाही. रात्री पडलेला वारा पहाटे पुन्हा उठला होता, आणि आलेले लोक आमच्याकडे न बघता जात होते. बापूस परत यावा एवढंच मी मागत होते... आणि त्याच्या मागोमाग, लाज वाटूनही, शाळाही मागत होते. मी घरी बसले असते तर मला कुणी विचारलंही नसतं, इतकं ते साधं होतं. तेवढ्यात सुमतीबाई आल्या. एकट्याच, उन्हातून चालत. आयसने त्यांना बसा म्हटलं नाही. त्या अंगणात जमिनीवर बसल्या आणि टोपलीतले बोंबील उचलून जोड्या लावायला लागल्या. एकही धड लागत नव्हती. थोड्या वेळाने पद्मा आली, आणि तिच्या मागे तिची आई. वाडीवाल्यांची बाई आमच्या अंगणात पहिल्यांदाच येत होती. पद्मा आयससमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, विचारलं ते मी. बाईंना बोलू नका."  आयसने पद्माच्या आईला बसायला पाट दिला, आणि बाईंच्या हातातून बोंबील काढून घेऊन जोडी कशी लावतात ते दाखवलं. मग आम्ही पाचजणी मांडव भरत राहिलो.

पुढच्या भरतीला, दिवस कलायच्या सुमारास, शीड दिसलं. आमच्या शिडाला ठिगळ होतं, त्यामुळे लांबूनच कळलं. बाई तिथेच वाळूत मटकन बसल्या आणि हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बापूस उतरला तो टुणटुणीत. निघायला उशीर झाला म्हणून एकटा पडला, सुकाणूचा खिळा निघाला, मग वाऱ्याबरोबर झाईच्या खाडीत शिरला आणि ओहोटीत अडकला. झाईला आयसचाच भाऊ राहत होता. बापूस मेहुण्याकडे जेवून, पान खाऊन, झोप काढून आला होता. आयसचा सगळा राग बाईंवरून उठला आणि त्याच्यावर जाऊन बसला. आम्ही इथे देव पाण्यात घातलेत आणि हा माझ्या माहेरी पंगत झोडतो, हे पुढे कित्येक वर्षं ती ऐकवत असे.

सोमवारी सकाळी आयसने मला शाळेत सोडलंच नाही. शेवटी बापसानेच मला हाताला धरून नेलं, तेव्हा बाईंचा तास अर्धा उलटला होता. तो शाळेत कधी आला नव्हता. दारात चप्पल काढून म्हणाला, "बाई, निघताना इचारायचं नाय. आल्यावर इचारा, काय इचारायचं ते. आता मी आलो." बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, कुठे होतात? मग बापसाने सगळं सांगितलं. आमच्यात दर्यावरची हकिकत सांगतात ती आत्ता घडत असल्यासारखी... मी सुकाणू धरतो, खिळा निघतो, वारा झोंबतो, होडी फिरते. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं, वर्गाकडे वळल्या, आणि आम्ही एकेक वाक्य इंग्रजीत करू लागलो. द विंड इज ब्लोइंग. द बोट इज टर्निंग. बापूस प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, जणू बरोबर की चूक ते तोच ठरवणार. शेवटी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून तो बाईंना म्हणाला, "ही येल रोज. घरचं मी बगतो." त्याने बघितलं. मी मॅट्रिक झाले, पद्मा आणि मी एकाच बाकावरून झालो.

एकोणीसशे साठच्या पुढे बाई तलासरीच्या शाळेत गेल्या. मी शिक्षिका झाल्यावर त्यांनीच मला तिथे ओढून नेलं. पाड्यांवरून येणारी वारली मुलं घरी एक बोलत, शाळेत दुसरं, बाजारात गुजराती, आणि वर आमचं इंग्रजी. बाईंनी तिथेही जोड्या लावल्या. त्यातली जनी वसतिगृहात राहायची, आणि सुट्टीतही घरी जायला तयार नसे. ती पुढे शिकली, तिथेच नोकरीला लागली आणि बाईंपाशीच राहिली. खाडीवरच्या त्या दिवसानंतर बाईंना एक सवय लागली होती. निघालेल्या माणसाला त्या चुकूनही काही विचारत नसत. पण परत आलात की सुटका नाही. पाणीबिणी नंतर, आधी "कुठे होतीस?" टपाल टाकून आलात तरी सगळं साग्रसंगीत सांगावं लागे. मी वैतागायचे. जनी कधीच वैतागली नाही, कारण तिला त्याआधी कुणी कधी विचारलंच नव्हतं.

परवा चार दिवस जनीकडे राहायला गेले होते. मनात धाकधूक होती की ही एकटी कशी राहणार. संध्याकाळी ती रानशेतला कुणाला तरी भेटून परत आली. आता तिचेही केस पांढरे झालेत. दार उघडून ती आत आली नाही, पिशवी हातात धरून उंबरठ्यावर उभी राहिली, नजर रिकाम्या खाटेकडे. तिलाही कळत नव्हतं आपण का थांबलोय. मी खुर्चीतून म्हटलं, "कुठं होतीस गो जने?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, तिथेच उंबरठ्यावर बसली आणि सांगायला लागली, "मी एसटीत चढते, तर जागाच नाही..."